पियानो अर्धा सेकंद का थांबला?

तार नीट बसली होती. पियानोचा दिवा हिरवा होता आणि हातमोज्याच्या डबीवरचा दिवाही हिरवा होता. नाओमीनं हातमोजा घातलेलं पहिलं बोट वाकवलं, पुन्हा वाकवलं, मग पाचही बोटं एकदम मिटली. पियानो गप्पच राहिला.

"दोघंही जागे आहेत," ती स्वतःशीच म्हणाली. "मग बोलत का नाहीत?"

ही गोष्ट २०४७ सालच्या एप्रिलमधली. नाओमी रणभिसे अकरा वर्षांची होती आणि सुट्टीसाठी सोलापूरहून मिरजेला आपल्या एस्तेरमावशीकडे आली होती. एस्तेरमावशीनं तीस वर्षं मुलांना पियानो शिकवला होता. मिरजेत कुणाचं लग्न असो की नाताळची प्रार्थना, पियानोवर मावशीच असायची. पण मागच्या ऑक्टोबरात तिला पक्षाघाताचा झटका आला. चालणं-बोलणं हळूहळू सुधारलं. उजव्या हाताची बोटं मात्र सुधारली नाहीत. ती हलत, पण पियानोची पट्टी दाबण्याइतका जोर त्यांच्यात नव्हता.

मावशीचा पियानो साधा नव्हता. दिसायला तो कुठल्याही लाकडी पियानोसारखा होता. आत ताणलेल्या तारा, तारांवर आपटणाऱ्या हातोड्या, समोर अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. पण प्रत्येक पट्टीखाली एक सोलेनॉइड (वीज वाहू लागली की आतला दांडा पुढे ढकलणारी तारेची गुंडाळी) होता आणि एक संवेदक (पट्टी कधी आणि किती वेगानं खाली गेली ते टिपणारं छोटं यंत्र). त्यामुळे तो ऐकलेलं लक्षात ठेवायचा आणि नंतर आपला आपण वाजायचा. मावशीनं वाजवलेली कितीतरी गाणी त्याच्या स्मृतीत होती. ती लावायची परवानगी मात्र मावशीनं कुणालाही दिली नव्हती.

"ज्या बाईनं ते वाजवलं, ती बाई आता नाही," ती एकदा म्हणाली होती, आणि नाओमीला पुढे काही विचारायचं धाडस झालं नव्हतं.

पियानो सांगलीच्या एका शाळेला देऊन टाकायचं मावशीनं ठरवलं होतं. सोमवारी त्यांची गाडी येणार होती. आज बुधवार होता.

डॉक्टर म्हणत होते की बोटांना रोज व्यायाम हवा. पहिल्या वर्षात मेंदू नव्या वाटा फार चटकन शोधतो, पुढे ते जड जातं. त्यासाठी मावशीला एक खास हातमोजा दिला होता. मऊ करड्या कापडाचा, आत केसांसारखे बारीक संवेदक विणलेले. बोट जरासं वाकलं तरी त्याला कळायचं, आणि मग मनगटावरच्या डबीतून एक सूर निघायचा. पण तो सूर कानाशी डास यावा तसा बारीक आणि चिरका होता. आयुष्यभर सुरांत राहिलेल्या मावशीला तो दोन मिनिटंही सोसेना. तीन आठवडे झाले, हातमोजा कपाटात पडून होता.

तो कपाटातून काढताना नाओमीला डबीच्या खालच्या बाजूला पाच भोकांचं एक गोल छिद्र दिसलं. तसलंच छिद्र पियानोच्या मागच्या अंगाला होतं, आणि पियानोच्या पेटीत तसली तारही होती. मावशी दुपारी झोपली तेव्हा नाओमीनं एक टोक इकडे, एक टोक तिकडे बसवलं. तार बसताच डबीचा स्वतःचा चिरका आवाज बंद झाला. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. काहीच झालं नाही.

हातमोजा बनवणारे दिलावर शिकलगार शेजारच्याच गल्लीत राहत. त्यांच्या घरी पाच पिढ्या तंबोरे बनत आले होते. दिलावरचाचा स्वतः बरीच वर्षं बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत संवेदकांवर संशोधन करत होते. निवृत्त झाल्यावर ते मिरजेला परत आले आणि वडिलांच्याच कारखान्यात बसू लागले. तिथे एका भिंतीला वाळलेले मोठाले भोपळे टांगलेले असत आणि दुसऱ्या भिंतीशी मंडलपट्ट्या (सर्किट बोर्ड), सूक्ष्मदर्शक, विणलेले कापडी संवेदक.

नाओमीनं सगळं सांगितलं. चाचा तंबोऱ्याच्या तारांखालच्या घोडीवर हलक्या हातानं कानस फिरवत ऐकत होते.

"आता मला सांग," ते म्हणाले, "त्या तारेतून काय जातं, असं तुला वाटतं?"

"आवाज."

"आवाज नाही जात. बघ की तूच." त्यांनी तसलीच एक तार काढून एका छोट्या कळफलकाला (पियानोसारख्या पट्ट्यांचं विजेवरचं वाद्य) जोडली आणि दुसरं टोक संगणकाला. नाओमीनं एक पट्टी दाबली. पडद्यावर दोन शब्द आणि दोन आकडे उमटले: सूर सुरू, साठ, चव्वेचाळीस. तिनं बोट उचललं तेव्हा आणखी एक ओळ आली: सूर बंद, साठ.

"एवढंच?"

"एवढंच. तू स्टेशनजवळच्या हॉटेलात मिसळ खाल्लीस की नाही? वेटर आतल्या माणसाला काय ओरडून सांगतो?"

"तीन नंबरला एक मिसळ, तिखट कमी."

"त्या ओरडण्यात मिसळ असते का?"

नाओमी हसली. "नाही. मिसळ आतला माणूस बनवतो."

"तसंच हे. तारेतून फक्त निरोप जातो. साठ म्हणजे पियानोच्या मधोमध असलेला सूर. चव्वेचाळीस म्हणजे तो किती जोरानं वाजवायचा. एक म्हणजे अगदी अलगद, एकशे सत्तावीस म्हणजे पूर्ण ताकदीनं. या निरोपांच्या भाषेला मिडी म्हणतात. साठ वर्षांच्या वर झाली तिला, पण अजून जुनी-नवी सगळी वाद्यं ती बोलतात. हाच निरोप सतारीच्या यंत्राला दिला तर सतार वाजेल, पियानोला दिला तर पियानो. एकाच मिसळीची चव दोन हॉटेलांत वेगळी असते, तसं."

"मग माझा निरोप पियानोनं ऐकला का नाही?"

"पियानोला मागे दोन छिद्रं असतील. एक निरोप बाहेर पाठवायचं, एक आत घ्यायचं. कुठल्यात तार घातलीस?"

नाओमीनं डोळे मिटून आठवलं. मग कपाळाला हात लावला. डबीचं निरोप पाठवायचं छिद्र तिनं पियानोच्याही निरोप पाठवायच्याच छिद्राला जोडलं होतं. दोघंही बोलत होते आणि ऐकत कुणीच नव्हतं.

"आणि अजून एक," चाचा म्हणाले. "वेटर तीन नंबर म्हणाला ना, तसे मिडीतही नंबर असतात, सोळा. त्याला वाहिनी म्हणतात. एकाच तारेतून सोळा वाद्यांचे निरोप जाऊ शकतात आणि प्रत्येक वाद्य आपल्या नंबरचाच निरोप उचलतं. एस्तेरबाईंचा हातमोजा मी तीनवर ठेवलाय. पियानोलाही तीन ऐकायला सांग."

घरी आल्यावर तिनं तार बदलली, पियानोच्या पडद्यावर वाहिनी तीन निवडली, हातमोजा घातला आणि बोट वाकवलं. एक पट्टी आपोआप खाली गेली आणि खोलीभर एक गोल, लाकडी सूर पसरला. नाओमी इतकी आनंदली की दुसरं बोटही न वाकवता ती मावशीला बोलवायला पळाली.

मावशी आली, पण स्टुलावर बसायला तयार नव्हती. "नाओमी, मला खेळ नको गं."

"व्यायामच आहे मावशी. फक्त डास नाही."

मावशीला थोडं हसू आलं. ती बसली. नाओमीनं तिच्या उजव्या हातात अलगद हातमोजा चढवला आणि तो हात उशीवर ठेवला. हा क्षण आईला दाखवायचा म्हणून तिनं समोरच्या टेबलावर मोबाईल उभा करून चित्रण सुरू केलं.

मावशीनं उजवं पहिलं बोट वाकवलं. पियानो वाजला. तिनं दुसरं वाकवलं, मग तिसरं. सहा महिन्यांनी तिच्या उजव्या हातानं खरी तार वाजत होती. तिची मान किंचित डोलू लागली. मग सवयीनं तिचा डावा हात उचलला गेला आणि पट्ट्यांवर गेला. नव्या मुलांना ती सगळ्यात आधी शिकवायची ती पाच सुरांची चाल तिनं सुरू केली, डाव्या हातानं साथ आणि उजव्यानं चाल.

ते जुळेना. डावा हात वाजे, आणि उजव्याचा सूर त्याच्यामागून येई. मावशीनं गती कमी केली. तरी मागूनच. आणखी कमी केली. तरीही तो सूर तसाच मागून, रेंगाळत. चौथ्यांदा ती मध्येच थांबली. तिनं डाव्या हातानं हातमोजा ओढून काढला आणि नीट घडी करून पियानोवर ठेवला.

"बघितलंस ना," ती शांतपणे म्हणाली. "डावा इथे आणि उजवा तिथे. डोकं सांगतं आणि हात नंतर ऐकतो. सोमवारी गाडी येऊ दे."

ती आत गेली. नाओमी तिथेच बसून राहिली. तिला रडू येत होतं, आणि आपण मावशीला बोलावलंच नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

मोबाईलवरचं चित्रण आईला पाठवायचं नाही, पुसून टाकायचं, असं तिनं ठरवलं. पुसण्याआधी एकदा पाहिलं. आणि मग पुसलं नाही.

हातमोज्याच्या डबीवर एक बारीक निळा दिवा होता. निरोप निघाला की तो लुकलुकायचा. चित्रणात मावशीचा डावा हात पट्टीवर पडत होता आणि त्याच क्षणी निळा दिवा लुकलुकत होता. सूर मात्र नंतर येत होता. नाओमीनं चित्रण अगदी सावकाश चालवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. दर वेळी डावा हात आणि दिवा बरोबर होते. उशीर व्हायचा तो दिव्यानंतर.

तिनं हातमोजा स्वतःच्या हातात चढवला आणि बोट वाकवलं. या वेळी तिनं कान दिला. दिवा लागला, मग मधे एक मोकळी जागा, मग सूर. तिचं बोट तर धडधाकट होतं. तिनं पटकन वाकवून पाहिलं, हळू वाकवून पाहिलं, जोरात, अलगद. प्रत्येक वेळी उशीर तेवढाच. तिनं मोबाईलवर मोजलं. अर्धा सेकंद. ना कमी, ना जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दिलावरचाचांना हात धरूनच घेऊन आली.

चाचांनी चित्रण पाहिलं, पियानो पाहिला, आणि विचारलं, "जोरात आणि अलगद, दोन्हींना सारखाच उशीर? नक्की?"

"नक्की. बारा वेळा मोजलं."

"मग हा बिघाड नाही. बिघाड इतका नीटनेटका नसतो. एस्तेरबाई, जरा बाहेर येता का? हे तुम्हीही ऐका."

मावशी आली आणि दारातच खुर्ची ओढून बसली. चाचांनी खिशातून दोन मणी काढले. तंबोऱ्याची तार अचूक सुरात आणण्यासाठी तिच्यात असले मणी ओवतात. ते त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या एका कडेला ठेवले.

"हे समज दोन हातोड्या. समोरची कड म्हणजे तार. नाओमी, एका मण्याला जोरात टिचकी मार आणि दुसऱ्याला हलकेच. दोन्ही एकाच वेळी."

पहिला मणी सटकन पलीकडे जाऊन पडला. दुसरा रमतगमत गेला.

"पियानोत असंच होतं," चाचा म्हणाले. "मोठा सूर हवा असेल तर हातोडी वेगानं जाते, लवकर पोचते. हळुवार सूर हवा असेल तर तीच हातोडी सावकाश जाते, म्हणून उशिरा पोचते. समज, एक मोठा आणि एक हळुवार सूर एकदम वाजवायचा निरोप आला. पियानोनं दोन्ही हातोड्या एकदम सोडल्या तर काय होईल?"

"मोठा आधी वाजेल. हळुवार नंतर."

"सगळं गाणं विस्कटेल. मग आता हे दोन मणी कडेला एकदमच पोचायला हवेत, तर तू काय करशील?"

नाओमीनं विचार केला. मग हळूच एका मण्याला टिचकी मारली, तो अर्ध्यावर जाईपर्यंत थांबली, आणि मग दुसऱ्याला जोरात मारली. दोन्ही जवळजवळ एकत्रच पलीकडे पडले.

"जोरातल्याला थांबवून ठेवायचं," ती म्हणाली.

"तेच पियानो करतो. निरोप आला की तो आधी अर्धा सेकंद थांबतो. तेवढ्या वेळात हिशेब करतो, कुठली हातोडी सावकाश जाणार आहे. तिला आधी सोडतो, वेगवान हातोडीला नंतर. सगळ्यात हळू हातोडीलाही पोचायला पुरेल एवढा वेळ म्हणून अर्धा सेकंद. त्यामुळे सगळे सूर अर्ध्या सेकंदानं उशिरा, पण आपापल्या जागी वाजतात. पियानो एकटाच वाजत असेल तेव्हा ते कुणाला कळतही नाही. पण काल एस्तेरबाईंचा डावा हात खऱ्या पट्टीवर होता. ती पट्टी थेट हातोडीला ढकलते, ती कशाला थांबेल? आणि उजव्या हाताचा निरोप आला तारेतून, तो अर्धा सेकंद रांगेत."

मग मावशीनं विचारलं, "म्हणजे माझा हात..."

नाओमीनं मोबाईल तिच्यासमोर धरला. चित्रण सावकाश चालू होतं. "मावशी, पियानोचं ऐकू नकोस. नुसता निळा दिवा बघ."

मावशीनं चष्मा लावला. डावा हात पट्टीवर उतरला आणि दिवा लागला. पुन्हा उतरला आणि पुन्हा लागला. पाच सूर, पाच वेळा. मावशीनं ते तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना तिनं डाव्या हातानं आपली उजवी बोटं धरली होती, शाळेतून घरी आलेल्या मुलाचा हात धरावा तशी.

"वेळेवर होती की गं," ती म्हणाली. "आणि मी त्यांनाच बोलले."

चाचांनी पियानोच्या पडद्यावर ते थांबणं बंद करायचं ठिकाण शोधलं. "आता तो थांबणार नाही," ते म्हणाले. "पण मग हळुवार सूर किंचित मागे राहतील, मोठे पुढे येतील. म्हणजे थोडं कमी-जास्त होणार."

"तेवढं मी सांभाळते," मावशी म्हणाली. "अलगद सूर हवा असेल तर बोट जरा आधी हलवीन. इतकी वर्षं चर्चच्या जुन्या पायपेटीवर तेच करत होते."

नाओमीनं मावशीच्या उजव्या हातात हातमोजा चढवला. मावशीनं डावा हात पट्ट्यांवर ठेवला, श्वास घेतला आणि ती पाच सुरांची चाल सुरू केली. पहिला सूर डाव्याच्या जोडीनं आला. दुसराही. तिसऱ्याला मधलं बोट वाकलं नाही. मावशी थांबली, बोटाकडे पाहिलं आणि वाट पाहिली. ते वाकलं. चाल पूर्ण झाली. मग तिनं ती दुसऱ्यांदा वाजवली, आणि दहाव्यांदा वाजवली तेव्हा चाचांचा चहा थंड झाला होता आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

शुक्रवारी मावशीनं शाळेच्या मुख्याध्यापिकांना स्वतः फोन केला. पियानो पाठवता येणार नाही म्हणून माफी मागितली, आणि मुलांनाच दर शनिवारी इकडे पाठवा, मी शिकवीन, असं सांगितलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या की मुलं पाठवणं पियानो आणण्यापेक्षा सोपं आहे.

नाओमीची सुट्टी संपली आणि ती सोलापूरला परतली. जुलैमधल्या एका रविवारी मावशीचा फोन आला. मागून बरीच माणसं बोलत असल्याचा आवाज येत होता.

"कोण आलंय गं?"

"माझा नवा वर्ग. दिलावरभाऊंनी आणखी हातमोजे विणलेत. इचलकरंजीच्या कलावतीबाई आहेत, त्या मागावर काम करायच्या. एक एसटीचे चालक आहेत. एक कॉलेजातली मुलगी आहे, गाडीवरून पडलेली. सगळ्यांच्या हातमोज्यांच्या तारा एका डबीत येतात आणि तिथून एकच तार पियानोला. पण प्रत्येकाची वाहिनी वेगळी, म्हणजे कोण काय वाजवतंय ते मला पडद्यावर दिसतं. ऐक आता."

तिनं फोन पियानोजवळ ठेवला असावा. नाओमीला ती पाच सुरांची चाल ऐकू आली, चौघांनी मिळून वाजवलेली, जरा अडखळत. चौथ्या सुराला तिघं पोचले आणि एक मागे राहिलं.

"थांबा सगळे," मावशीचा आवाज आला. "कलावतीबाईंना येऊ द्या."

सगळे थांबले. नाओमीही श्वास रोखून थांबली. मग तो चौथा सूर आला, अगदी अलगद, आणि त्यापाठोपाठ सगळ्यांनी मिळून पाचवा वाजवला.

मावशीनं फोन पुन्हा उचलला तेव्हा नाओमीनं विचारलं, "मावशी, हे फोनवरून नाही का करता येणार? म्हणजे मी इथे माझ्या कळफलकावर वाजवलं तर? निरोपच तर पाठवायचा आहे. तो सोलापूरहून नाही का येणार?"

"येईल. दिलावरभाऊ म्हणतात, वाटेत थोडा उशीर होईल, तो किती ते आधी मोजायला लागेल."

"मी मोजते."

"बरं. मग बघ, तीन माझी आहे, चार, पाच, सहा यांच्या आहेत," मावशी म्हणाली. "सात नंबर तुझ्यासाठी ठेवते. कुणाला देणार नाही."